स्टुडिओत जाण्याआधी

आमच्या संघटनेच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग दोनदा झालं. पहिल्या वेळी जे झालं ते आमचं नव्हतंच, म्हणून दुसऱ्यांदा करावं लागलं. ही चूक कोणा परक्याची नव्हती, बरीचशी माझीच होती. ती इथे सविस्तर मांडते आहे, कारण अलीकडे जिकडेतिकडे गट 'आपली गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू' असं म्हणताना दिसतात. एखाद्या प्रकल्पातून थोडे पैसे मिळतात, शहरातला एखादा स्टुडिओ ठरतो, बायकांना गाडीत घातलं जातं आणि मग तिथे काय होतं ते कुणी फारसं सांगत नाही.

पहिल्या वेळी आम्ही अकरा जणी होतो. सहा गाणी आणि स्टुडिओचे चार तास, असा हिशेब मी केला होता. एका गाण्याला चाळीस मिनिटं! एम.एस.डब्ल्यू.ला कार्यक्रम-नियोजन या विषयात मला बरे गुण होते, हेही सांगून टाकते. पहाटे चारला निघालो, साडेदहाला पोचलो. दोघींना गाडी लागली होती. संगीत संयोजक सरांनी वाद्यांचा ट्रॅक आधीच बनवून ठेवला होता. त्यांना चाल समजावी म्हणून महिनाभर आधी फोनवर गाणी पाठवली होती, आणि ती मीच गाऊन पाठवली होती. का, तर मी ऑफिसात होते, फोन माझ्या हातात होता आणि अक्का ऊसतोडीवर होत्या. सरांनी अर्थातच माझ्या आवाजाची पट्टी धरली, काळी पाच. अक्कांचा आवाज बसतो काळी तीनला. आयुष्यभर रानात आणि मोर्च्यात ओरडून आवाज जाड झालेला, आणि त्या जाडपणातच त्याची ताकद. ध्रुवपद कसंबसं निघालं, पण कडव्यात वर चढायची वेळ आली की सगळ्या मावश्यांचे आवाज फाटायला लागले. सरांनी कॉम्प्युटरवर ट्रॅक खाली उतरवून पाहिला, तर ढोलकी ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखी वाजू लागली. दीड तास त्यात गेला. शेवटी सर म्हणाले, "ताई, माझ्याकडे कोरसच्या दोन मुली आहेत, अर्ध्या तासात येतील. यांचा आवाज मागे ठेवू." घड्याळ पुढे पळत होतं, मी हो म्हटलं. मुली आल्या, चाळीस मिनिटांत चार गाणी गाऊन गेल्या. गुणी होत्या, पोटासाठी गात होत्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त आमच्या गाण्यातला प्रत्येक 'न्हाई' त्यांच्या तोंडी 'नाही' झाला.

वस्तीवर स्पीकर लावून ते ऐकवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्का मात्र ते पुन्हा लावायला सांगून कान देऊन ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गानं आपलंच हाय ताई. पन ह्यात मी कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. 'मागे ठेवू' म्हणजे मिक्सिंगमध्ये इतकं मागे की असून नसल्यासारखं, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून माझं मत असं झालं आहे, आणि काही मैत्रिणींशी त्यावरून माझे वादही झाले आहेत, की स्टुडिओत काय होणार हे स्टुडिओत ठरत नाही. ते आधीच्या दोन महिन्यांत ठरतं, आणि ते कोण ठरवतं हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे, तंत्राचा नाही. पट्टी कोणाच्या आवाजाची? लय कोणाच्या पायांची? नऊ कडव्यांतली कोणती चार गळणार? मोर्च्याची तयारी आपण कशी करतो? पाणी कुठे, लघवीला कुठे, घोषणा कोण देणार, निवेदन कोण वाचणार, पोलिसांशी कोण बोलणार, असं सगळं बसून ठरवतो. रेकॉर्डिंगला मात्र 'त्यातलं आपल्याला काय कळतं' म्हणून पाठ फिरवतो. मग काचेपलीकडचा माणूस सगळं ठरवतो. तो वाईट नसतो, त्याला तासांप्रमाणे पैसे मिळत असतात आणि त्याच्या कानाला सवय असलेला बाईचा आवाज वेगळा असतो, एवढंच.

यावर एक जुना आक्षेप आहे. आमच्या एक ज्येष्ठ ताई म्हणतात, "आमची गाणी रस्त्यावर जन्मली, त्यांना गार खोलीत नेऊन मारू नका. फोनवर रेकॉर्ड करा, पुरे." त्यांचं म्हणणं मी अर्धं मानते. गाणं शिकायला, पाठ करायला फोन उत्तम. बायका रात्री भांडी घासताना फोन शेजारी ठेवून ऐकतात. पण यात्रेच्या कर्ण्यावर, गाडीवरच्या स्पीकरवर, किंवा म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या सामुदायिक रेडिओवर ते लागलं की नुसता कलकलाट ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. ज्या गाण्यात शब्द हेच हत्यार आहे, ते असं बोथट का करायचं? आणि चांगला आवाज, चांगला माइक हे फक्त कंपन्यांच्या गायिकांसाठी, आपल्याला फोन पुरे, हे मला तर पंक्तीत शेवटी बसवल्यासारखं वाटतं.

शिवाय बायकांनी यंत्रापुढे तयारी करून उभं राहणं ही काही नवी गोष्ट नाही. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचे लोक पहिल्यांदा आले, तेव्हा हॉटेलच्या खोलीत मांडलेल्या कर्ण्यासमोर गौहर जान गायल्या. विजेचा माइक तेव्हा नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागे. तबकडीवर मावत जेमतेम तीन मिनिटं. तासभर रंगणारी चीज त्यांनी त्या तीन मिनिटांत बसवली, आणि शेवटी इंग्रजीत 'माय नेम इज गौहर जान' असं स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या बनत जर्मनीत, तिथल्या कारागिरांना कोणाचा आवाज आहे ते कळावं म्हणून नाव सांगण्याची ती सोय होती. सोय असेल, पण नाव राहिलं. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगवर काय होतं? 'गायिका : कोरस. गीत : पारंपरिक.' ते गाणं पारंपरिक नव्हतं. तीन बायकांनी एका धरण्याच्या रात्री जुळवलेलं होतं, आणि त्या तिघी त्या दिवशी स्टुडिओतच बसलेल्या होत्या.

दुसऱ्या वेळी आम्ही दोन महिने आधी सुरुवात केली. एक रजिस्टर केलं. प्रत्येक गाण्याला एक पान, त्यावर पट्टी, ठेका, कडवी, किती मिनिटं, सुरुवात कोण करणार, मागे कोण, गाणं कोणी रचलं. पट्टी ठरवण्यासाठी शेजारच्या गावातल्या भजनी मंडळाची पेटी आणली. अक्कांना म्हटलं, तुम्ही तुमच्या मनाने गा, पेटी तुमच्या मागे येईल. हे तीन वेगवेगळ्या दिवशी केलं, कारण एकदा उत्साहात पट्टी चढते आणि दिवसभर खुरपून आल्यावर उतरते. सगळ्यात वरचा सूर दमलेल्या दिवशीही निघाला पाहिजे, हा नियम ठेवला. असा साधा नियम मला आधी सुचला नव्हता, पेटीवाल्या बुवांनी तो सहज सांगितला.

लयीचंही तसंच. मोर्च्यात आपलं गाणं पायांवर चालतं आणि हळूहळू चढत जातं. स्टुडिओत बहुतेक वेळा कानात टिक-टिक ठोका देतात आणि त्याला धरून गायला सांगतात, म्हणजे नंतर तुकडे जोडता येतात. आमच्या बायकांना तो ठोका जमेना. एक मावशी म्हणाली, कुणी दात टोकरतंय असं वाटतं. मग आम्ही ठरवलं की ठोका नको, ढोलकी, हलगी आणि गळे सगळं एकदमच रेकॉर्ड करायचं. यात तोटा आहे. एकीची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा गावं लागतं, तुकडा बदलता येत नाही. म्हणून चुका घरी काढून टाकाव्या लागतात, आणि सहाऐवजी तीनच गाणी धरावी लागतात. तीन गाण्यांना आम्ही आठ तासांची पूर्ण शिफ्ट घेतली. ती पुरली, उरली नाही.

कडवी गाळण्याचा प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एका गाण्याची नऊ कडवी होती, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने पाच ठीक. मला वाटलं, पंधरा मिनिटांचं काम. अख्खी संध्याकाळ गेली. दारूबंदीचं कडवं सगळ्यांना हवं होतं, टाळ्या त्यालाच पडतात. पाणवठ्यावरच्या जातीच्या कडव्यावर मात्र काही जणी म्हणू लागल्या, "ते राहू द्या, आता तसं काही राहिलं नाही." ज्यांनी ते रचलं होतं त्या दोघी गप्प बसल्या. थोड्या वेळाने त्यातली एक उठून म्हणाली, "राहिलं नाही तर माझ्या हंड्याला हात लावून दाखव." त्यानंतर जे बोलणं झालं ते तीन वर्षांच्या शिबिरांत झालं नव्हतं. कडवं राहिलं. दारूची दोन कडवी होती, त्यातलं एक गेलं. हीच निवड स्टुडिओत घड्याळ बघत केली असती तर काय गळलं असतं ते सांगायला नको.

आता बांगड्या. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माइक सगळं पकडतो. काचेच्या बांगड्यांची किणकिण, मण्यांचा आवाज, नव्या साडीची सळसळ, हातातल्या कागदाची खसखस, सगळंच. पहिल्या वेळी रेकॉर्डिस्ट दादा सहज म्हणाले, "सगळ्यांनी बांगड्या काढून ठेवा." क्षणभर कोणी हललं नाही. ज्यांचे नवरे आहेत त्यांना भरला हात मोकळा करणं अभद्र वाटत होतं. आणि ज्यांच्या बांगड्या एकदा चार लोकांत फोडल्या गेल्या होत्या आणि ज्यांनी संघटनेत आल्यावर हट्टाने पुन्हा भरल्या होत्या, अशा आमच्यात तिघी आहेत. त्यातल्या एकीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आता मी पुरोगामी कार्यकर्ती म्हणून 'बांगड्यांचं काय एवढं' असं म्हणायचं का? मी त्या वेळी तसंच काहीसं म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी हा विषय आम्ही वस्तीवरच काढला. ज्यांना काढायच्या होत्या त्यांनी घरीच काढून ठेवल्या. बाकीच्यांनी त्या कोपरापर्यंत वर सारून वरून सुती पट्टी बांधली. मी स्टुडिओतल्या दादांना आधीच फोन करून सांगितलं की बांगड्यांची व्यवस्था आम्ही केली आहे, तुम्ही त्याबद्दल काही बोलू नका. साड्या धुवून मऊ झालेल्या, सुती. कागद कोणाच्याच हातात नाही, कारण अर्ध्या जणींना वाचता येत नाही आणि उरलेल्यांनी कागद धरला की त्यांचा सूर कागदाकडे जातो. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांचंच पाठांतर पक्कं होतं, आम्ही शिकलेल्याच अडखळलो.

हेडफोनची सवयही आधी करून घ्यावी. स्वतःचाच आवाज कानात आला की बाई दचकते, लाजते आणि गळा आवळते. आम्ही आठवडाभर फोनचे हेडफोन फिरवले. एक कान झाकायचा, एक उघडा ठेवायचा, म्हणजे शेजारणीचा आवाज येतो आणि जीव घाबरत नाही. हलगीचं एक सांगायला हवं. कातड्याची हलगी शेकावी लागते, आणि स्टुडिओत जाळ कुठे करणार? आम्ही इमारतीच्या मागच्या अंगणात रद्दी पेटवून ती शेकली, वॉचमन दादांना आधी चहा पाजून. गार खोलीत ती थोड्या वेळात पुन्हा उतरते, म्हणून हलगीचं गाणं पहिलं घेतलं. आजकाल नटबोल्टवर ताणायच्या फायबरच्या हलग्या मिळतात. आवाज मात्र तो नाही, असं वाजवणारीचं ठाम मत पडलं.

पैशांबद्दल बोलायलाच हवं. पैसे देणाऱ्या संस्थेच्या अंदाजपत्रकात स्टुडिओचं भाडं, संयोजकांचं मानधन, व्हिडिओ ही शीर्षकं होती. तालमीला शीर्षक नव्हतं. बुडालेल्या मजुरीला तर नव्हतंच. बाई गाते म्हणजे हौसेने गाते, हा समज आपल्याही डोक्यात इतका मुरला आहे की आपणही तसा खर्च मागत नाही. दुसऱ्या वेळी आम्ही मागितला. तालमीच्या प्रत्येक संध्याकाळचं काही नाही, पण रेकॉर्डिंगच्या आदल्या आणि त्या दिवसाची मजुरी, मुलं सांभाळणाऱ्या बाईची मजुरी, आदल्या रात्रीचा मुक्काम. पहाटे निघून त्याच दिवशी गायचं नाही, हे आता पक्कं. प्रवासाचं ओझं थोडं हलकं झालं आहे, 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. तरी दोनदा पत्र लिहावं लागलं. शेवटी व्हिडिओ रद्द करून ते पैसे मजुरीकडे वळवले. त्याबद्दल आमच्यातल्याच तरुण मुली अजून माझ्यावर नाराज आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

आणखी एक गोष्ट आधी तपासावी, ती म्हणजे चाल. आपली निम्मी गाणी सिनेमाच्या चालींवर आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. मोर्च्यात कोणी विचारत नाही. रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलं की चालीचा मालक जागा होतो. यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखते आणि गाणं अडवलं जाऊ शकतं. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढण्याची सोय कायद्यात आहे, पण तिच्यात शब्द बदलता येत नाहीत, आणि आपण तर नेमके शब्दच बदललेले असतात. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं यामुळेच यादीतून गेलं. त्याच शब्दांना ओवीच्या वळणाची चाल लावून पाहिली, ती अजून तोंडात बसलेली नाही.

आणि नावं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा असतो, म्हणजे ज्याने ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. गाणारणीचा हक्क 1994 च्या दुरुस्तीने आला आणि 2012 च्या दुरुस्तीने तो बळकट झाला. तिचं नाव लावलं जावं आणि तिच्या गाण्याची मोडतोड होऊ नये, हेही आता त्यात आहे. हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. हक्क कोणाला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरतात, आणि कुठपर्यंत ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणून स्टुडिओत किंवा पैसे देणाऱ्या संस्थेत 'इथे सही करा' म्हणून कागद पुढे आला, तर तो आदल्या आठवड्यात मागवून घ्यावा आणि वस्तीवर मोठ्याने वाचावा. आम्हाला आलेल्या कागदावर 'कायमस्वरूपी, जगभर' असं होतं. ते खोडून आम्ही निर्माता म्हणून संघटनेचं नाव घातलं, आणि अकरा जणींची नावं गावासकट लिहिली.

हे गावासकट लिहिणं आम्ही जात्यावरच्या ओव्यांच्या कामातून घेतलं. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि 2017 पासून त्या 'परी'च्या संकेतस्थळावर येत आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारणीचं नाव असतं, गाव असतं, ती काय काम करते ते असतं. ते ध्वनिमुद्रण गावोगाव बायकांच्या घरी जाऊन केलेलं आहे. स्टुडिओला नावं ठेवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ ताईंचा मुद्दा इथे मला पुन्हा पटतो. जात्यावरची ओवी जात्याच्या घरघरीशिवाय आणि हाताच्या त्या गोल फिरण्याशिवाय खुलत नाही. आमच्या मावश्यांनी काचेच्या खोलीत एक ओवी म्हणून पाहिली, दुसऱ्या ओळीला थांबल्या. हातांना काय करावं ते कळेना. ती ओवी आम्ही सोडून दिली. सगळंच स्टुडिओत न्यायचं नसतं, हेही तयारीतच कळलं तर बरं.

दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये अक्कांचा आवाज पुढे आहे. तिसऱ्या गाण्यात एके ठिकाणी त्यांचा श्वास ऐकू येतो आणि मागे कुणाची तरी बांगडी एकदा वाजते. दादा म्हणाले, काढून टाकतो. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

पैशांचा प्रश्न मात्र आम्हाला सुटलेला नाही. उद्या गाण्यांपासून चार पैसे आलेच, तर ते अकरा जणींत वाटायचे, की रचणाऱ्या तिघींना जास्त द्यायचे, की संघटनेत ठेवायचे? रजिस्टरमध्ये त्या पानावर तीन मतं लिहिली आहेत आणि खाली सह्या नाहीत. ज्या गटांनी हा हिशेब कधी केला असेल त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहावं. आणि वर सारलेल्या बांगड्या तीन तासांनी कोपराला रुतायला लागतात, त्यावर कुणाकडे काही उपाय असेल तर तोही.